अस्सल माल विकू नये

भाचा न्यू जर्सीहून बॅगभर सिनेमांच्या डिस्क घेऊन आलाय, सगळ्यांच्या पक्क्या पावत्या आहेत, आणि तुम्ही त्या इंदूरच्या जेल रोडवर, बाजारात, विकायला निघालात? जरा थांबा. इतका अस्सल माल बाजारात न्यायचा म्हणजे धाडसच.

आधी नवा भूगोल पाठ करा. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे नंबरवार विभाग पाडलेत: त्यांच्या नकाशात अमेरिका 1 नंबरात, युरोप आणि जपान एकाच घरात 2 नंबरात, चीनला 6 नंबर स्वतंत्र, आणि भारत, म्हणजे आपलं इंदूरचं रामबागही, रशिया-आफ्रिकेच्या पंगतीला, 5 नंबरात. विमानं-जहाजांनासुद्धा 8 नंबर दिलाय. तेव्हा 1 नंबरची डिस्क 5 नंबरवाल्याच्या प्लेअरवर रुसून बसली तर प्लेअरला शिव्या घालू नका. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये विभाग बदलता येतो, पण पाचच वेळा. नंतर जिथे असाल तिथलेच कायमचे रहिवासी. ब्लू-रेमध्ये ए, बी, सी अशी तीनच घरं केली. आपण अर्थात सी.

डिस्क चालली, तरी पुढे कॉपीराइटचा कायदा उभा आहेच. तसा तो दिलदार: परदेशातून स्वतःच्या घरगुती वापरासाठी एक प्रत आणू देतो. तेवढ्यात बसून बघा, रडा, हसा. विकायची मात्र नाही.

तुम्ही म्हणाल, "भिया, ओरिजिनल है!" अगदी बरोबर, तीच तर पंचाईत. दिल्लीच्या एका भाड्याने सिनेमे देणाऱ्याच्या डिस्कही अमेरिकेतल्या अस्सलच होत्या. 2009 मध्ये हायकोर्टाने सांगितलं, तिकडची परवानगी तिकडेच; इथे भाड्याने द्यायची तर इथल्या हक्कदाराला विचारा. कॉपीराइटच्या मालकाच्या संमतीने परदेशात निघालेली प्रत इथे आणली तर ती बेकायदा धरू नये, अशी तरतूद 2010 च्या दुरुस्ती विधेयकात होती खरी. 2012 मध्ये कायदा पास झाला तेव्हा ती वाटेतच गळाली होती. कुणी गाळली म्हणून विचारत बसू नका, सगळेच फार कामात असतात.

शिक्षेचं म्हणाल तर, जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग केला तर साधारण 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. 'जाणूनबुजून' हा शब्द नीट ऐका. कालपर्यंत तुम्हाला "साहेब, माहीतच नव्हतं" असं म्हणता आलं असतं. हे वाचल्यावर तीही सोय गेली. माफ करा.