‘ट्रेसर फक्त वाचतो’ म्हणे!

सिस्टीमवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो: ‘प्रॉडक्शनवर बिनधास्त ट्रेस करा. ट्रेसर फक्त वाचतो, त्याच्याने कर्नल पडत नाही. ईबीपीएफला तर व्हेरिफायर आहे. आणि पडलाच, तर बॅकट्रेसमध्ये ट्रेसरचं नाव शोधा. नसेल तर तो निर्दोष.’ (प्रॉडक्शन म्हणजे खऱ्या कामाची मशीनं, कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ट्रेसर म्हणजे तो चालू असताना आत काय घडतंय ते टिपणारं साधन. ईबीपीएफ म्हणजे कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय, आणि बॅकट्रेस म्हणजे कर्नल पडला तेव्हा कुठली फंक्शनं चालू होती त्यांची यादी.) ट्रेसिंग मीही रोज करतो, पण ह्यातलं एकही वाक्य असंच्या असं पटत नाही.

‘फक्त वाचतो’ हे डेटापुरतं ठीक. पण वाचायला बसायचं म्हणजे आधी चालत्या कर्नलचा कोड बदलणं आलं. एक्स८६ प्रोसेसरवर कर्नलमधल्या एखाद्या मशीन-सूचनेवर केप्रोब (ट्रेसिंगचा सापळा) लावला की त्या सूचनेचा पहिला बाइट जाऊन तिथे आयएनटी३ हा ब्रेकपॉइंट बसतो. एफट्रेस हा फंक्शनांचा ट्रेसर फंक्शनच्या तोंडाशी ठेवलेल्या एनओपीच्या (काहीच न करणाऱ्या सूचनेच्या) जागी कॉल लिहितो.

हे लिहिणं भलत्या पत्त्यावर गेलं तर काय होतं, ते २००८ साली लिनक्स २.६.२७ च्या चाचणी-आवृत्त्यांत दिसलं. इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या नेटवर्क कार्डांची कायमस्वरूपी मेमरी खराब व्हायला लागली आणि कार्डं निकामी झाली. संशय अर्थातच ड्रायव्हरवर. खरा गुन्हेगार डायनॅमिक एफट्रेस निघाला. मॉड्यूलचा (कर्नलला नंतर जोडलेल्या तुकड्याचा) सुरुवातीचा कोड काम झाल्यावर मोकळा केला जातो. एफट्रेसच्या यादीत मात्र त्याचे पत्ते तसेच राहिले होते. त्याच पत्त्यांवर पुढे कार्डाची मेमरी मॅप झाली. एफट्रेस तिथे कम्पेअर-एक्सचेंज घेऊन गेला: जुने बाइट जुळले तरच नवे लिहायचे. दिसायला किती सावध! पण न जुळल्यावरही ही सूचना वाचलेलंच मूल्य परत लिहिते. रॅमला त्याचं काही नाही, कार्डाच्या फ्लॅश मेमरीला ते महागात पडलं. २.६.२७.१ मध्ये डायनॅमिक एफट्रेस बंदच करावा लागला.

व्हेरिफायरचं थोडक्यात. तो तुमचा प्रोग्रॅम तपासतो. त्या प्रोग्रॅमने बोलावलेले हेल्पर (तयार फंक्शनं) आणि जेआयटी (प्रोग्रॅमचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणारा भाग) कर्नलचेच, त्यांत बग असू शकतात. खुद्द व्हेरिफायरचा मर्यादांचा हिशेब चुकल्याचीही उदाहरणं आहेत, जसं सीव्हीई-२०२०-८८३५ ह्या क्रमांकाने नोंदलेला सुरक्षा-दोष.

राहिलं ‘नाव शोधा’. सिस्टमटॅप हा ट्रेसर स्क्रिप्टचं कर्नल मॉड्यूल बनवतो, म्हणून ऊप्समधल्या (कर्नलच्या चूक-अहवालातल्या) मॉड्यूलांच्या यादीत तो सापडतो. ईबीपीएफ प्रोग्रॅम त्या यादीत येतच नाही, आणि आपलं काम उरकून गेलेला असेल तर स्टॅकवरही नसतो. उलटी फसगतही होते. कर्नल पडताना केडम्पने घेतलेली मेमरीची प्रत (व्हीएमकोर) ‘क्रॅश’ ह्या साधनात उघडून ‘डिस’ ही मशीन कोड दाखवणारी आज्ञा दिली, तर फंक्शनच्या मधोमध आयएनटी३ दिसतो. मूळ व्हीएमलिनक्समध्ये (कर्नलच्या फाइलमध्ये) तिथे साधी मूव्ह सूचना असते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मेमरी सडली समजून मी अर्धा दिवस रॅम तपासत बसलो होतो. तो माझाच प्रोब होता.

म्हणून प्रोब लावण्याआधी डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती फाइलींसारखी दाखवणाऱ्या जागेतली) केप्रोब्सची ‘ब्लॅकलिस्ट’, म्हणजे जिथे प्रोब लावायला मनाई आहे त्या जागांची यादी, पाहतो. प्रोब लागले की लावलेल्या प्रोबांची ‘लिस्ट’ फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवून ठेवतो, कारण रीबूटनंतर ती कोरी असते. क्रॅश पुन्हा घडवता येत असेल तर निम्मे प्रोब काढून बघायचं, मग उरलेल्यांतले निम्मे. एकही प्रोब नसताना मशीन पडलं, तरच मी ड्रायव्हरवाल्यांना फोन लावतो.