शैवाल जगवणाऱ्याचे पद कंत्राटी का असावे?

ज्या प्रयोगशाळेत शैवालाचे जिवंत स्टॉक ठेवले जातात, तेथील तंत्रज्ञाचे पद एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीला बांधलेले असू नये, हे मत मी बैठकांमध्ये अनेकदा मांडले आहे. आज ते येथे सविस्तर लिहितो. मी रत्नागिरी परिसरातील एका विद्यापीठीय प्रयोगशाळेत सूक्ष्मशैवालांच्या संवर्धनाचे काम करतो. गावात कोणी विचारले तर "शेवाळ वाढवतो" असे सांगतो, आणि त्यावर "ते तर आमच्या विहिरीत आपोआप वाढते" हे उत्तर ठरलेले असते.

आपोआप कोणते वाढेल, हे मात्र कोणाच्याच हातात नसते. कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्राला कीटोसेरॉस किंवा स्केलेटोनेमा यांसारखे डायटम (सिलिकाचे कवच असलेले सूक्ष्मशैवाल) हवे असते, तेही निर्भेळ आणि ठरलेल्या दिवशी. अंड्यातून बाहेर पडलेली नॉप्लियस अवस्थेतील पिल्ले साधारण दोन दिवस अंगातल्या बलकावर निभावतात. त्यापुढच्या झोइया अवस्थेत शिरताच त्यांना पाण्यात तरंगणारे शैवाल लागते आणि ते त्या वेळी टाकीत नसेल तर अख्खी तुकडी हातची जाते. म्हणून परीक्षानळीतल्या स्टॉकपासून फ्लास्क, फ्लास्कपासून कार्बॉय (मोठी बाटली) आणि तेथून बाहेरच्या टाक्या अशी साखळी अखंड चालू ठेवावी लागते. प्रत्येक पायरीवर आधीचे शैवाल विरजणासारखे घालायचे, आणि तेही पेशी ऐन वाढीत असतानाच. माध्यम, म्हणजे शैवालाचे पोषक द्रावण, बहुधा गिलार्डचे एफ/२ असते: एक लिटर समुद्राच्या पाण्यात ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, ५ मिलिग्रॅम फॉस्फेट, सूक्ष्म धातू, बी-१२, थायमिन आणि बायोटिन, डायटमना कवचासाठी सिलिकेट वेगळे. पुस्तकात हे सारे अर्ध्या पानात मावते.

कोकणातला पावसाळा त्या अर्ध्या पानात मावत नाही. जूनपासून नद्यांचे गढूळ पाणी खाड्यांतून बाहेर पडू लागते आणि एरवी दर हजारी ३५ च्या आसपास असणारी किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता खाली येते. त्यामुळे मे महिन्यातच, भरतीच्या वेळी आणि खाडीच्या मुखापासून दूर जाऊन पाणी उचलावे लागते, गाळून अंधाऱ्या टाक्यांत साठवावे लागते. किती साठवले म्हणजे पाऊस ओसरेपर्यंत पुरेल, हा अंदाज कोणत्याही नियमावलीत लिहिलेला नाही. त्यात हवा इतकी दमट की फ्लास्कची कापसाची बुचे ओलसर होतात, आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेच्या यंत्रात) १२१ अंशांवर सर्व काही निर्जंतुक केलेले असूनही त्या ओल्या कापसातून बुरशी आत उतरते. वीज गेली की दिवे आणि एसी दोन्ही बंद. आयसोक्रायसिस या दुसऱ्या सूक्ष्मशैवालाला उकाडा सोसत नाही.

रोज सकाळी पहिले काम नजरेचे असते. चांगले कीटोसेरॉस सोनेरी तपकिरी दिसते आणि फ्लास्क हलवला की ढगासारखे उठते. बिघडलेले तळाशी गोळे करून बसते आणि वर फेस धरते. मग मोजणी. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या आखीव काचपट्टीच्या) चार कोपऱ्यांतल्या चौकोनांची सरासरी काढून तिला १०,००० ने गुणले की एका मिलिलिटरमधील पेशी कळतात. आयसोक्रायसिस पोहत असल्यामुळे त्याला आधी लुगोलचा (आयोडीनच्या द्रावणाचा) थेंब देऊन स्थिर करावे लागते. पण त्याच फ्लास्कमधले थोडे पाणी लुगोल न घालताही पाहावे, असे मी नव्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो, कारण पेशी गिळत सैरावैरा धावणारा सिलिएट (शैवाल खाणारा एकपेशी जीव) जिवंतपणीच चटकन नजरेत भरतो. तो एक जरी दिसला तरी त्या फ्लास्कमधून पुढे काही न्यायचे नाही.

गौरी-गणपतीत कोकणातली कार्यालये ओस पडतात आणि ते रास्तच आहे. शैवालाला मात्र त्याची कल्पना नसते. आमच्याकडे त्याची सोय "मामा, तुम्ही आरती उरकून दुपारी या, सकाळचे मी बघतो" एवढ्या बोलण्यावर होते. मामा म्हणजे आमचे परिचर. त्यांचे नाव कोणत्याही शोधनिबंधात येत नाही. माझे आभारांच्या शेवटच्या ओळीत कधीमधी येते. त्याचे मला फारसे दुःख नाही. दुःख आहे ते प्रकल्प संपल्यावर घडते त्याचे.

प्रकल्पाचा निधी थांबला की कंत्राट संपते, आणि पुढचा प्रकल्प मंजूर होईपर्यंत सब-कल्चर करायला, म्हणजे स्टॉक ठराविक दिवसांनी ताज्या माध्यमात हलवायला, माणूस नसतो. "स्टॉक काय, पुन्हा मागवू" असे सहज म्हटले जाते. नेहमीच्या जाती मागवता येतातही. पण आपल्याच खाडीतून वेगळा केलेला, पावसाळ्यातली उतरती क्षारता सोसणारा वाण एकदा मेला की तो कोणाकडून मागवणार? गोठवून ठेवण्याचा उपाय सुचवला जातो. तो सर्व जातींना सारखा मानवत नाही, आणि गोठवलेले पुन्हा जागे करायलाही जाणता हात लागतोच.

कायम पद निर्माण करणे अवघड आहे, हे मी मान्य करतो. निदान दोन प्रकल्पांमधल्या काळाचे मानधन विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून द्यावे, आणि माणूस बदलायचाच असेल तर जुन्या व नव्याने एक पावसाळा बरोबर काढावा. त्यासाठी नेमणूक एप्रिलमध्येच व्हायला हवी. ऑक्टोबरात रुजू झालेल्या माणसाला मेमधले पाणी दाखवता येत नाही.