मयतीनंतरची मिसळ

सकाळी साडेसहाला ग्रुपवर मेसेज येतो. आपला अमुक गेला, अंत्ययात्रा दहाला, पंचवटी अमरधाम. आधी जोडलेले हात टाका. कुणी कितव्या मिनिटाला टाकले, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण बघतात सगळे. मग वेळेचा हिशेब मांडा. दहा म्हणजे घरून निघायला अकरा, अग्नी द्यायला बारा, मोकळे व्हायला एक. एकला मिसळ मिळते, पण तर्री तळाला गेलेली असते. तेव्हा नाश्ता करून निघायचं की पोट राखून ठेवायचं, हे आत्ताच ठरवा. मुलगा पुण्याहून निघालाय असं कळलं, तर खुशाल पोहे खाऊन घ्या. चाकणचा ट्रॅफिक मेलेल्या माणसालाही थांबवून धरतो.

पांढरा शर्ट टाळा. दुःखाला शोभतो, रश्श्याला नाही.

घरी जाण्याचा मोह आवरा. तिथे वहिनी असतात, त्यांच्यासमोर काय बोलायचं हे कुणालाच सुचत नाही, आणि तिरडीला खांदाही द्यावा लागतो. थेट अमरधामला पोहोचा आणि 'द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो' म्हणा. नाशिकमध्ये या कारणावर शंका घेणारा माणूस अजून जन्मायचाय.

अमरधामात फाटकाजवळ, सावली बघून उभे राहा. सुरुवात 'परवा तर ठणठणीत होता'ने करायची. मग शुगर, स्टेन्ट, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं वगैरे. हे पाच मिनिटांत उरकतं. पुढे कांद्याचा भाव, त्यानंतर सिंहस्थासाठी कुठले रस्ते खोदलेत आणि आडगावकडे गुंठा कितीला गेला. लाकडं रचून होईपर्यंत एखादा व्यवहार जुळूनही जातो. एवढ्यात पुढे भाषणं सुरू होतील. निवडणुकीला इच्छुक असलेला एक तरी गृहस्थ बोलतोच, त्याची आज ही तिसरी मयत असते. त्याच्या मते गेलेला माणूस मनमिळाऊ होता. ज्याचं कुणाशीच पटलं नाही, तो परखड होता. मान हलवा. जुनी माणसं कवटी फुटेपर्यंत थांबतात, तुम्हीही थांबा. फक्त गाडीची किल्ली बोटावर फिरवू नका.

आता खरी कसोटी. 'मिसळ' हा शब्द पहिल्यांदा उच्चारणाऱ्यावर आयुष्यभराचा शिक्का बसतो, म्हणून 'चहा घेऊ यात का' एवढंच म्हणा. चहाच्या टपऱ्या रस्त्यात ढिगानं लागतील, त्यांच्याकडे बघू नका. गाड्या आपोआप मखमलाबाद रोडला लागतात. आंघोळीआधी कसं खायचं, असं कुणी विचारलंच, तर प्रत्येक ग्रुपात एक शास्त्री असतो. 'सुतक भाऊबंदांना, आपण मित्र,' असा निर्वाळा तो देईल. बेसिनवर हातपाय धुवा, धर्म वाचला.

काळा रस्सा, वर कांदा-शेव, दही, भाजलेला पापड. पहिली दोन मिनिटं हळू जेवा. मग कुणीतरी 'रस्सा वाढ रे भाऊ' म्हणतो आणि मंडळी माणसात येतात. गेलेल्याच्या कॉलेजातल्या भानगडी निघतात. हसायला हरकत नाही, फक्त शेजारच्या टेबलावर त्याचे साडूबिडू बसलेत का, ते आधी पाहून घ्या. तेही तिथेच आलेले असतात.

याच सुमारास कुणीतरी ग्रुप वर सरकवत नेतो आणि गेलेल्याचाच जुना मेसेज सापडतो. 'रविवारी मिसळ?' खाली सात अंगठे आणि एक 'नेक्स्ट वीक नक्की'. ते नेक्स्ट वीक तुमचं असेल, तर फोन पालथा घाला आणि अजून दोन पाव मागवा.

बिल आलं की टेबलावर आजची पहिली खरी शांतता पसरते. आजवर बिल तोच द्यायचा. ज्याच्या त्याच्या वाट्याचं जीपे होईपर्यंत त्याची उणीव फार जाणवते. 'आता दर महिन्याला भेटायचंच, याच्यासाठी कशाला वाट बघायची' असा ठराव करा. तो एकमतानं मंजूर होतो आणि पुढच्या मयतीला पुन्हा मांडता येतो.

दहाव्याला रामकुंडावर जावंच लागेल. रामानं दशरथाचं श्राद्ध इथे केलं म्हणतात, त्यामुळे कावळ्यांना थोरामोठ्यांची सवय आहे. शिवाय रोज इतके पिंड, घाई कुणाला? भाऊबंद हात जोडून 'पोरांकडे बघू, कर्ज फेडू' असं कबूल करत राहतात. कावळा ढिम्म. अशा वेळी तुम्ही पुढे होऊन 'या रविवारी मिसळ नक्की' असं काही पुटपुटू नका. त्यानं ते पूर्वी ऐकलंय.

आज मात्र घरी पोहोचाल तेव्हा दारात बादली तयार असेल. ढेकर बाहेरच उरकून घ्या. आंघोळ झाली की बायको म्हणेल, 'सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या,' आणि पिठलं-भात वाढेल. नाही म्हणू नका. घास गिळत नसल्यासारखं, अगदी सावकाश जेवा. तसंही तो गिळणार नाहीच.