आमची टीम टीव्हीला परवडत नाही

भाच्याला यंदा एमएससाठी इकडे यायचंय. परवा व्हिडिओ कॉलवर कॉलेजांची यादी वाचता वाचता म्हणाला, "मावशी, बिग टेनमध्ये अठरा कॉलेजं कशी गं?" मी म्हटलं, "बाळा, पॅक-१२ मध्ये दोनच उरली होती, त्यापुढे हे काहीच नाही." (बिग टेन, पॅक-१२ ही इथल्या कॉलेजांच्या खेळांच्या गटांची, म्हणजे कॉन्फरन्सची नावं.) तो खो खो हसला. मला काही हसू आलं नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीची, म्हणजे कूग. रंग किरमिजी. नवरा युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा, म्हणजे हस्की. रंग जांभळा. लग्नाच्या वेळी पत्रिका बघितल्या होत्या, पण त्यात हा रकाना नव्हता. या दोन कॉलेजांचा फुटबॉलचा (इथला, अमेरिकन फुटबॉल) दरवर्षीचा सामना म्हणजे ॲपल कप. १९०० सालापासून एकमेकांशी खेळतायत. आमच्याकडे त्या दिवशी स्वयंपाक होत नाही. हरलेल्याने बाहेरून मागवायचं.

माझं गाव कराडजवळचं मसूर. ऑगस्ट २००८ मध्ये दोन बॅगा घेऊन पुलमनला, म्हणजे आमच्या कॉलेजच्या गावी, उतरले. अमेरिका म्हणजे उंच इमारती असं डोक्यात होतं, आणि इथे नजर जाईल तिथवर गव्हाच्या टेकड्या. पीक कापून झालेलं, सगळं सोनेरी. रूममेट म्हणाली, इथे मसूरही पिकतो, देशभर जातो. आणि या सगळ्या मुलखाचं नाव काय, तर पलूस. स्पेलिंग फ्रेंच वळणाचं आहे, पण उच्चार अगदी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पलूससारखा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मसूरहून पलूसला जायला एवढं विमान कशाला? एसटीने गेली असतीस." दर ऑगस्टमध्ये गावात मसुराचा उत्सव भरतो, भल्यामोठ्या भांड्यात मसुराची चिली शिजते आणि सगळ्यांना वाटतात. आपल्या अख्ख्या मसुराची सर नाही, पण फुकट असते.

त्याच नोव्हेंबरात लॅबमधल्या एकाने ॲपल कपचं तिकीट हातात ठेवलं. आमची टीम अकरापैकी दहा सामने हरलेली. वॉशिंग्टन दहापैकी दहा. देशातला सगळ्यात भिकार सामना म्हणून तो गाजत होता. मला तोवर 'डाऊन' म्हणजे काय तेही कळत नव्हतं; शेजारचे ओरडले की ओरडायचं, एवढंच. थंडीने पायाची बोटं बधिर झालेली. शेवटच्या सेकंदांत आमच्या निको ग्रासूने फील्ड गोल मारला, १०-१० बरोबरी. मग ओव्हरटाइम. मग दुसरा ओव्हरटाइम. पुन्हा ग्रासू, पुन्हा बॉल दोन खांबांच्या मधून, १६-१३. लोक मैदानात घुसले. मीही घुसले, आणि एका अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली. शेतकरी असावेत, जाकिटाला धान्याचा वास येत होता. त्या हंगामात आम्ही तेरा सामने खेळलो आणि दोन जिंकलो. नवरा तेव्हा सिएटलला शिकत होता, आमची ओळखही नव्हती. त्यांची टीम बाराच्या बारा हरली. हे मी त्याला महिन्यातून एकदा तरी ऐकवते.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. कॉन्फरन्स म्हणजे आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांचे झोन असतात ना, तसं काहीसं. फरक एवढाच की इथे झोन वरून कुणी आखून देत नाही, कॉलेजं आपली आपण मोट बांधतात. बिग टेनची मोट १८९६ ची, शिकागोच्या अवतीभवतीची. आमची, जिला पुढे पॅक-१२ म्हणू लागले ती, पॅसिफिक किनाऱ्यावरची १९१५ ची. त्या काळी टीम रेल्वेने जायची, त्यामुळे मोटेत शेजारीच असायचे. आणि ज्याच्याशी वर्षानुवर्षं बांधावरून भांडण, त्याच्याशीच खेळण्यात मजा असते, हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

मोट सुटायला सुरुवात झाली १९८४ ला. तोवर टीव्हीवर कुणाचे किती सामने दाखवायचे हे एनसीएए ही मध्यवर्ती संघटना ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया कोर्टात गेले आणि सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ अशा मतांनी निकाल दिला की ही मक्तेदारी बेकायदा आहे. विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट. हे गृहस्थ तरुणपणी स्वतः कॉलेज फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते. न्यायाधीशांच्या त्या बाकावर मैदानातला चिखल माहीत असलेला माणूस म्हणजे तेच, आणि नेमकं त्यांनाच हे पटलं नव्हतं. कायद्याने निकाल बरोबरच होता बहुतेक. पण त्या दिवसापासून प्रत्येक मोट टीव्हीवाल्यांशी आपापला सौदा करायला मोकळी झाली, आणि शेजारी कोण यापेक्षा गिऱ्हाईक किती हा हिशोब सुरू झाला.

त्या हिशोबाचा उत्तम नमुना म्हणजे रटगर्स. न्यू जर्सीतलं जुनं, चांगलं कॉलेज. पण २०१४ ला बिग टेनने त्यांना घेतलं ते काही मैदानावरच्या पराक्रमासाठी नाही. न्यूयॉर्क शेजारी, तिथे लाखो घरांत केबल, आणि टीम त्या भागातली झाली की केबलच्या बिलात बिग टेन नेटवर्कचे पैसे दरमहा जास्त लागतात. सामना बघा नाहीतर बघू नका. पुढे लोकांनी केबल तोडली, रटगर्स मात्र आहे तिथेच आहे. आमच्या पलूसात घरांपेक्षा धान्याच्या कोठ्या जास्त. कोठीला केबल लागत नाही.

यात एक गंमत आहे. ईएसपीएनचा कॉलेज गेमडे नावाचा शनिवार सकाळचा कार्यक्रम दर आठवड्याला वेगळ्या कॅम्पसवरून होतो. २००३ पासून तिथल्या गर्दीत प्रत्येक वेळी आमचा एक किरमिजी झेंडा फडकत असतो. सामना अलाबामात असो की ओहायोत, आमचं कुणी खेळत नसलं तरीही. देशभरातले माजी विद्यार्थी तो झेंडा एकमेकांना पार्सलने पाठवतात आणि पहाटे उठून काठी धरून उभे राहतात. वीस वर्षांहून जास्त काळ, एकही खंड नाही. आणि निकाल काय लागला? या कॉलेजला टीव्हीवर किंमत नाही.

३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसची दोन्ही कॉलेजं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेनला जातो म्हणाली. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार झाला. आमच्या मोटेच्या हातात वर्षभराने आला ॲपल कंपनीचा सामने दाखवण्याचा एक प्रस्ताव, त्यातही किती लोक सबस्क्रिप्शन घेतात यावर पैसे. जुलै २०२३ च्या अखेरीस कोलोरॅडो निघालं. आणि मग ४ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी उरलेले नऊ जण बसून सही करणार अशी बातमी होती. दुपारपर्यंत ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले होते. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्ह नावाच्या आणखी एका मोटेत. महिनाभरात स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पुन्हा वाचा: अटलांटिक कोस्ट. बर्कलीतून जो समुद्र दिसतो तो पॅसिफिक. मागे राहिलो आम्ही आणि ऑरेगन स्टेट. एकशेआठ वर्षांचं घर, आणि आत दोन भाडेकरू.

संध्याकाळी नवरा घरी आला तो चपला काढून सरळ भांडी घासायला लागला. एरवी चार हाका माराव्या लागतात. मी काहीच बोलले नाही. शेवटी नळ बंद करून म्हणाला, "आम्हाला तरी दुसरा काय पर्याय होता? आणि पूर्ण वाटा पण नाही मिळाला आम्हाला, निम्म्यावर गेलोय." मी म्हटलं, "म्हणजे घर मोडलं, ते पण डिस्काउंटमध्ये?" त्या रात्री लेकीने आम्हा दोघांना जेवायला वाढलं.

खरं सांगायचं तर त्याचंही चुकलं नव्हतं. एकटं मागे राहण्याची भीती मोठी असते. टेक्सासमधल्या एसएमयूने तर अटलांटिकवाल्यांत शिरण्यासाठी नऊ वर्षं टीव्हीचे पैसेच घेणार नाही असं लिहून दिलं. भीती नसती तर असा सौदा कोण करेल?

आमची बाजू कोर्टात लढली गेली ती कोलफॅक्सला. सिएटलहून पुलमनला जाताना लागणारं शेवटचं गाव, एक मोठा रस्ता आणि दोन पेट्रोल पंप इतकंच माझ्या लक्षात राहिलेलं. तिथल्या काउंटी कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं की जे निघाले त्यांनी घराचे निर्णय घ्यायचे नाहीत, कारभार उरलेल्या दोघांकडे. म्हणजे नाव, तिजोरी आणि कपाटातले करंडक आमचे. खेळायला कुणी नाही. २०२५ मध्ये आम्ही आणि ऑरेगन स्टेट एकाच हंगामात एकमेकांशी दोनदा खेळलो. दोन भावंडं कॅरम खेळतात तसं.

माणसं तर टिकेनातच. कॅम वॉर्ड आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू. तो मायामीच्या कॉलेजला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्यानंतरचा जॉन मटीर ओक्लाहोमाला. पाठोपाठ प्रशिक्षक जेक डिकर्ट वेक फॉरेस्ट या दुसऱ्या कॉलेजला.

इथे माझे बरेच कूग मित्र पोरांना शिव्या घालतात. मला ते पटत नाही. प्रशिक्षक कित्येक वर्षं लाखो डॉलर घेत आले आणि खेळणाऱ्याला मिळायची शिष्यवृत्ती. २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर कमावता येतं, आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेज थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षाला कॉलेजमागे साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. यात वाईट काय आहे? गुडघा त्यांचा फुटतो. कॅम वॉर्डच्या जागी माझी लेक असती तर मी स्वतः तिची बॅग भरली असती. मोटी फुटणं आणि पोरांना पैसे मिळणं या दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून लोक त्यांची गाठ मारतात. मोटी फोडल्या त्या मोठ्यांनी.

माझा खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. फुटबॉलची टीम आठवड्यातून एकदा खेळते, चार्टर विमानाने जाते. त्यांचं निभेल. पण कॉलेजनं मोट बदलली की बहुतेक खेळांना मागोमाग जावं लागतं. व्हॉलीबॉलच्या मुली, सॉकरच्या, टेनिसच्या. सिएटल ते न्यू जर्सी जवळपास ३,८०० किलोमीटर, तीन तासांचा वेळेचा फरक, आणि परत येऊन ऑरगॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा. आपल्याकडे कोल्हापूर ते गुवाहाटी अंतर याच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त भरेल. शिवाजी विद्यापीठाच्या मुलींना हंगामात दोन-तीनदा तिथे लीगचा सामना खेळायला पाठवून बघा, पालक काय म्हणतात ते. फुटबॉलला जाऊ द्या टीव्हीच्या मागे, बाकीच्यांना शेजाऱ्यांशी खेळू द्या, एवढी साधी गोष्ट आहे. यूसीएलएचे तेव्हाचे प्रशिक्षक चिप केली यांनीही फुटबॉल वेगळं काढा असं जाहीरपणे म्हटलं होतं. दोनेक महिन्यांत ते स्वतःच ओहायो स्टेटला निघून गेले, तो भाग निराळा.

पैसे आटले की आधी काय कापलं जातं तेही सांगते. हेन्री रोनो हे नाव ठाऊक आहे? केनियाचा धावपटू, पुलमनचा विद्यार्थी. १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार विश्वविक्रम. त्याच कॉलेजने २०२५ मध्ये ॲथलेटिक्समधले भालाफेक, गोळाफेक, उड्या असले मैदानी प्रकार बंद केले. क्वार्टरबॅकसाठी पैसे शोधायचे तर कुठूनतरी काढावे लागतात.

बरं, आता आमचं पाप. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघांनी घर पुन्हा भरायला घेतलं. कसं? शेजारच्या माउंटन वेस्ट नावाच्या मोटेतून बॉयझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट उचलले. मागोमाग युटा स्टेट. नंतर टेक्सास स्टेट. २०२६ पासून नवं पॅक-१२, फुटबॉलला आठ टीम. (बिग टेन अठरा, बिग ट्वेल्व्ह सोळा. आकडे शिकवणारी कॉलेजं आहेत ही.) त्या हंगामात ज्यांनी आम्हाला सामने दिले त्यांचीच माणसं फोडली, आणि वर त्यांनी माणूस फोडल्याचा दंड मागितला म्हणून त्यांच्यावर दावा ठोकला. मी त्या दिवशी आनंदाने ओरडले. नवऱ्याने पेपरमधून डोकं वर काढलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत पेपर वाचायला लागला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आमच्या ऑफिसात वायोमिंगचा एकजण आहे. लॅरमी गावचा, वारा, गुरं आणि एक युनिव्हर्सिटी. त्यांचं हाडवैर कोलोरॅडो स्टेटशी, आणि जिंकणाऱ्याला मिळतो व्हिएतनाम युद्धातल्या एका अधिकाऱ्याचा बूट, ब्रॉन्झचा मुलामा दिलेला. आम्ही कोलोरॅडो स्टेटला उचललं आणि वायोमिंगला तिथेच ठेवलं. का? टीव्हीला परवडत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच बसला होता. मी डबा घेऊन त्याच्यासमोर बसले. अख्खा मसूर होता, त्याला आवडतो. थोडा त्याच्या ताटात वाढला. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "बूट कुणाकडे आहे सध्या?"

"आमच्याकडे," तो म्हणाला, आणि चपाती मोडायला लागला.