दोन गावी नॅस ठेवला म्हणून बॅकअप बंद करू नका

चिपळूणला माझा मामेभाऊ कर सल्लागार आहे. परवा फोनवर बोलता बोलता म्हणाला, "शनिवारचा बॅकअप बंद केला, आता गरज नाही." कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मेसेज. ऑफिसात एक नॅस (नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवणारा डबा), दुसऱ्या गावी दुसरा आणि दोघांत रेप्लिकेशन चालू असलं, की बॅकअप नको, व्हायरस पलीकडे जात नाही, एकही नोंद हरवत नाही, दुसरा डबा कुठेही ठेवा. गावातले कितीतरी व्यापारी हे खरं मानून बसलेत.

बॅकअप नको, हे यातलं सर्वांत घातक. इकडे झालेला बदल तिकडे करणं, एवढंच रेप्लिकेशनचं काम. बदल चांगला की वाईट, हे त्याला कळत नाही. भावाचा दुसरा डबा रत्नागिरीत आहे. ऑफिसातल्या मुलाने चुकून २०१९चं फोल्डर उडवलं, की रत्नागिरीतलंही गेलं. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, फाइली कुलूपबंद करतं, तेही स्टोरेजच्या लेखी नुसतं नवं लिखाण. व्हायरसला पलीकडे जावंच लागत नाही, नासलेल्या फाइली आपणच तिकडे पोचवतो! स्नॅपशॉट, म्हणजे फाइली एखाद्या वेळी जशा होत्या तशा धरून ठेवलेल्या नोंदी, ठेवले असतील तर मागे जाता येतं, हे मान्य. पण दोन्हीकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच असेल, तर आत शिरलेला माणूस तेही पुसू शकतो.

छोट्या ऑफिसांचं सोडा. फेब्रुवारी २०११मध्ये जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खातेदारांचे मेल दिसेनासे झाले. गूगलकडे प्रती एकाहून जास्त डेटा सेंटरांत होत्या, तरी स्टोरेज सॉफ्टवेअरमधल्या एका बगने अनेक प्रती एकदम गाठल्या. मेल परत आणले ते चुंबकीय टेपवरून. टेप ऑफलाइन असतात म्हणून अशा बगपासून वाचतात, हे गूगलने तेव्हा स्वतःच लिहिलं होतं. भावाने बंद केलेली शनिवारची हार्ड डिस्क म्हणजे त्याची टेपच.

एकही नोंद हरवत नाही, हे फक्त सिंक्रोनस पद्धतीत, म्हणजे पलीकडून पोच आल्यावरच इकडचं लिखाण पूर्ण धरतात तेव्हा. १०० किलोमीटर फायबरला जाऊन-येऊन साधारण एक मिलिसेकंद लागतो, तेवढं चालतं. पण पावसात लाइन तुटली की एकतर काम अडतं, नाहीतर पलीकडची प्रत मागे राहते. आणि रेप्लिकेशन दर तासाला लावलं असेल, तर तासाभराचं काम जाऊ शकतं.

दुसरी जागा हवी, एवढं मात्र बरोबर आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा ज्यांची प्रत गावाबाहेर होती त्यांचे हिशेब वाचले असणार. पण "कुठेही" म्हणून त्याच पेठेतल्या दुसऱ्या गाळ्यात डबा ठेवला, तर एकाच पुरात दोन्ही बुडतील.

भावाने काल ती डिस्क कपाटातून काढली. कॉपी सुरू करण्याआधी मी त्याला मार्चची एक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायला लावली. उघडली.