हिरवा दिवा म्हणे फुल्ल चार्ज!

ज्या कुणी माझ्या जीपीएस मोजणी यंत्राच्या बॅटरी चार्जरला एकच दिवा ठेवला, त्याला एकदा मे महिन्यात जत तालुक्यात आणून बांधावर उभा करायचाय मला. दुपारी दोन वाजता. टोपी न देता.

उमदीच्या अलीकडे खासगी मोजणी होती. रानात मोबाईलला रेंज नाही, म्हणजे नेटवरून दुरुस्ती सिग्नल मिळणार नाही, म्हणून बेस (एका जागी उभं राहून तो सिग्नल पाठवणारं यंत्र) आणि रोव्हर (कोपऱ्याकोपऱ्यावर फिरवायचं यंत्र) दोन्ही घेऊन गेलो. रात्री लॉजवर चारही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, पहाटे बघितलं तर सगळीकडे हिरवा दिवा. झालं, निघालो सांगलीचे शहाणे!

बेस लावला, रेडिओ सुरू केला. बेसचा रेडिओ सिग्नल फेकत असतो, बॅटरी खातोच, ते मान्य. पण अर्ध्या तासात? चौथा कोपरा घेताना रोव्हरवर फिक्सचं फ्लोट झालं, म्हणजे अचूक जागेचा नुसता अंदाज झाला, आणि मग तेही गेलं. मागं वळून बघतो तर बेस ठार बंद. बांधावर अर्जदार, त्याचे दोन भाऊ, लगतधारक म्हणजे शेजारच्या जमिनीचा मालक आणि निव्वळ बघायला आलेली आठ-दहा माणसं. एक आजोबा म्हणाले, "आमच्या येळंला तेहतीस फुटी साखळी हुती बगा, तिला चार्जर लागत नव्हता." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार!

बॅटरीला मल्टिमीटर लावला. दोन सेलचा लिथियम पॅक, फुल्ल असला की 8.4 व्होल्ट दाखवायला पाहिजे. दाखवतोय 6.8. म्हणजे रात्रभरात एक थेंब आत गेलेला नाही! पिना बघितल्या तर धूळ आणि घामाचा काळा थर. चार्जरला बॅटरी लागल्याचं कळलंच नव्हतं. आणि बॅटरी नसली तरी हा शहाणा हिरवाच पेटतो. म्हणजे हिरवा म्हणजे 'भरली', आणि हिरवा म्हणजे 'लावलीच नाही'. अरे, मग दिवा ठेवलाच कशाला? देवळात लावायला?

दुसरी बॅटरी गाडीत डॅशबोर्डवर राहिली होती, ही चूक माझी. ती अर्जदाराच्या घरी नेऊन चार्जरला लावली तर लाल दिवा लुकलुकायला लागला. हात लावला तर तव्यावरून काढल्यासारखी. 45 अंशांच्या वर गेली की चार्जर घेत नाही, सेल खराब होऊ नये म्हणून. बरोबरच आहे त्याचं. पण तसं सांग की बाबा! तोच लाल लुकलुक सेल मेला तरी, तोच बॅटरी तापली तरी. माठाजवळ सावलीत पाऊण तास ठेवली, मग गुमान चार्ज व्हायला लागली.

मधल्या काळात, घराजवळ रेंज मिळाली म्हणून, सर्व्हिसवाल्याला फोन केला. "सर, बॅटरी रिप्लेस करावी लागेल." न बघता, न विचारता! व्होल्ट किती, पिना कशा आहेत, काही नाही. यांचं सगळ्यावर एकच औषध. अर्जदाराचा पोरगा बिचारा मोबाईलचा चार्जर घेऊन पळत आला. पण तो पडला साधा 5 व्होल्टचा, दोन सेलच्या पॅकला त्याचा काय उपयोग? त्याला ते समजावता समजावता माझंच डोकं तापलं.

शेवटी पोराच्या दप्तरातलं खोडरबर घेतलं आणि पहिल्या बॅटरीच्या पिना घासल्या, चार्जरच्याही घासल्या. लाल दिवा स्थिर पेटला, म्हणजे चार्जिंग सुरू. लाखांच्या यंत्राला दोन रुपयांचं खोडरबर! तोवर चार वाजले, लगतधारक निघून गेला. त्याच्याशिवाय खुणा रोवल्या तर उद्या उपटून टाकील. मोजणी गेली पुढच्या बुधवारवर, डिझेल माझं.

आता घरी बसलोय, समोर चारही बॅटऱ्या. तीन झाल्या, चौथीवर आत्ताच हिरवा पेटला. मीटर लावला. 7.3.

खोडरबर कुठं ठेवलंय रे?