कोकणची वाट बाराही महिने हवी, गणपतीपुरती नको

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्याच वर्षी रेल्वेने गणपतीसाठी विशेष गाड्यांच्या ३८० फेऱ्या जाहीर केल्या, एसटीने मुंबई परिसरातून पाच हजारांच्या घरात जादा गाड्या सोडण्याची तयारी केली आणि कोकणात जाणाऱ्या वाहनांना नेहमीप्रमाणे पथकर माफ झाला. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. पोटासाठी मुंबईच्या उपनगरात राहतो आणि या सर्व सोयींचा लाभ दरवर्षी घेतो, त्यामुळे त्या राबवणाऱ्या चालक-वाहकांविषयी आणि रेल्वे कर्मचाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही एक गोष्ट मला मनापासून खुपते. आमच्या गावी जाण्याची काळजी सगळ्यांना वर्षातून एकदाच, तीही पंधरा दिवसांपुरती वाटते. त्या पंधरा दिवसांत जे मिळते ते ‘चाकरमान्यांना भेट’ या मथळ्याखाली छापून येते आणि उरलेल्या साडेअकरा महिन्यांची गैरसोय त्या भेटीखाली झाकली जाते.

मुंबई आणि कोकण यांचे नाते पर्यटनाचे नाही, ते कामाचे आहे. गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातले (तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच होता) हजारो पुरुष परळ-लालबागला आले, ते बहुतेक एकटे. गावकीच्या, म्हणजे गावाने मिळून घेतलेल्या, खोलीत दहा-पंधरा माणसांनी पाळ्यांनुसार झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि महिन्याला गावी मनीऑर्डर करायची. गावी बायको शेती, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळायची. त्या व्यवस्थेची खूण अजून जनगणनेत दिसते. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. म्हणजे आमची घरे गावात आहेत आणि घरातली कर्ती माणसे बाहेर, ही स्थिती दोन-तीन पिढ्यांनंतरही फारशी पालटलेली नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले आणि माणसे दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार अशी पांगली. गिरणीतली नोकरी कष्टाची होती, पण तिच्याबरोबर भविष्य निर्वाह निधी होता, हक्काची रजा होती आणि बाजूने बोलायला संघटना होती. आजचा मुलगा कुरिअरमध्ये, सुरक्षारक्षक म्हणून किंवा ठेकेदाराकडे सफाईच्या कामावर असतो. माझ्या शेजारच्या इमारतीतला एक तरुण सुरक्षारक्षक आहे. बारा तासांची पाळी, सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार कापला जातो. गेल्या गणपतीत त्याने आठवडाभराची रजा मागितली, तेव्हा त्याला ‘परत आल्यावर जागा असेलच असे नाही’ असे सांगण्यात आले. तो गेला, आणि परतल्यावर नवी नोकरी शोधायला लागला. ही गोष्ट आमच्या भागात कोणालाही नवलाची वाटत नाही, आणि मला तेच अधिक गंभीर वाटते. सणाला राज्य महोत्सव म्हणणाऱ्या राज्यात कंत्राटी कामगाराला त्या सणासाठी चार दिवसांची भरपगारी रजा मिळावी, ही मागणी अजून कोणत्याही मोठ्या पक्षाने नेटाने लावून धरल्याचे मी पाहिलेले नाही.

मुंबईतले काही स्नेही मला आपुलकीने विचारतात, की एवढे हाल सोसून जाण्यापेक्षा गणपती इथेच का बसवत नाही? त्यांचा प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. आमच्याकडे गणपती माणसाचा नसतो, घराचा असतो. चार भाऊ चार शहरांत असले तरी मूळ घरात गणपती एकच येतो. आधी घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, पोचता करायचा असतो, मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती घडवतो आणि चतुर्थीला ती भर पावसात, डोक्यावरून, शेताच्या बांधावरून घरी आणली जाते. पूजा झाली की घरातला वडीलधारा माणूस गाऱ्हाणे घालतो. त्यात गावातल्या, मुंबईतल्या, आखातात गेलेल्या सगळ्यांना सांभाळून घे म्हणून मागणे असते आणि भोवती उभी असलेली माणसे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गौरी आल्या की नव्या सुनेचा ओवसा, म्हणजे सुपांत वाण भरून गौरीला ओवाळण्याचा विधी, असतो, त्यासाठी तिने त्या घरात असावेच लागते. रात्री वाडीतल्या प्रत्येक घरी आरत्या होतात, कुठे भजन, कुठे जाखडी नाच. हे सगळे विरारच्या दोन खोल्यांत हलवता येत नाही. जागा कमी पडते हे खरेच, पण मुख्य म्हणजे तिथे ते घर नाही आणि ती वाडी नाही.

आमच्या मुलांना मालवणी किंवा संगमेश्वरी बोली कानावर पडते ती या दिवसांत. कोण कोणाचा चुलता, कुठल्या बांधापर्यंत आपली जमीन, कुळाची देवी कुठली, हे त्यांना या दिवसांतच कळते. मराठी अस्मितेवर सध्या जेवढी भाषणे होतात, त्यांतल्या एकातही मला या साध्या गोष्टीचा उल्लेख आढळला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु भाषा ज्या घरांत बोलली जाते त्या घरांची दारे वर्षातून एकदा उघडत असतील, तर ती अधिक वेळा उघडावीत यासाठी काय लागेल याचाही विचार व्हायला हवा. माझ्या मते त्यासाठी सर्वांत आधी परवडणारी आणि भरवशाची वाट लागते.

त्या वाटेवरचे माझ्या ओळखीचे ठिकाण म्हणजे दिवा स्थानक. सावंतवाडीची पॅसेंजर सकाळी तिथून सुटते. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन रात्री माणसे आदल्या संध्याकाळपासूनच फलाटावर येऊन बसतात. पिशव्यांतून रव्या-बेसनाचे लाडू, विजेच्या माळा, आईसाठी घेतलेले लुगडे, म्हाताऱ्या वडिलांची सहा महिन्यांची औषधे. गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच तरुण मुले धावत्या डब्यात उड्या टाकतात, खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरतात आणि लेकुरवाळ्या बाया मागे राहतात. करोनापूर्वी रत्नागिरी पॅसेंजर दादरपर्यंत यायची, ती नंतर दिव्यापर्यंतच राहिली. त्यामुळे पश्चिम उपनगरांतून येणाऱ्या माणसाला सामानासकट आधी लोकल बदलत दिवा गाठावे लागते. ही अडचण चतुर्थीची नाही, रोजची आहे. विशेष गाडी सुटली म्हणून ती सुटत नाही.

आरक्षणाची कथा सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. सकाळी आठला खिडकी उघडते आणि पाहता पाहता प्रतीक्षायादी शेकड्यांत जाते. यात दलालांचा वाटा आहेच आणि त्यांना आवर घालायलाच हवा, पण मूळ घोडे वेगळ्याच ठिकाणी अडले आहे. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. दुहेरीकरण झाले ते रोहा ते वीर एवढेच, सुमारे ४७ किलोमीटर, तेही २०२१ मध्ये. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीने स्थानकात थांबायचे. त्यातच गणपती येतो पावसाळ्यात, आणि पावसाळी वेळापत्रकात दरडींच्या धोक्यामुळे गाड्यांचा वेग कमी केलेला असतो. हा वेग कमी ठेवणे योग्यच आहे. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड आली आणि वाहतूक जवळजवळ दिवसभर ठप्प झाली. रात्रभर पावसात कंदील-विजेरी घेऊन रुळांवरून गस्त घालणाऱ्या माणसांमुळेच आम्ही सुखरूप पोचतो. पण कमी वेग, एकेरी मार्ग आणि त्यावर शेकडो जादा फेऱ्या म्हटल्यावर गाड्या चार-चार, सहा-सहा तास रखडणारच. फेऱ्यांचा आकडा वाढवणे सोपे आहे, त्या फेऱ्या पेलणारा दुसरा रूळ टाकण्यासाठी मात्र पैसा लागतो.

तो पैसा कोठून येणार, हा खरा प्रश्न आहे. कोकण रेल्वे हे भारतीय रेल्वेचे नेहमीसारखे क्षेत्र (झोन) नाही. केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ही चार राज्ये यांनी मिळून १९९० मध्ये स्थापन केलेले ते महामंडळ आहे. उभारणीसाठी कर्जरोखे काढले गेले, आणि विस्तारासाठीही इतर क्षेत्रांप्रमाणे थेट अर्थसंकल्पातून निधी मिळत नाही. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. मी या विलीनीकरणाच्या बाजूने आहे, परंतु एका अटीवर: दुहेरीकरणाचा टप्पानिहाय कार्यक्रम आणि निधी आधी लेखी जाहीर व्हावा. एरवी फलाटावरची पाटी बदलेल आणि गाडी तिथेच क्रॉसिंगला उभी राहील.

कोकणचे खासदार बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी ज्या रेल्वेसाठी वर्षानुवर्षे संसदेत आवाज उठवला, तिच्या उभारणीसाठी महामंडळ स्थापन झाले तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि ई. श्रीधरन यांच्याकडे बांधकामाची धुरा होती. सह्याद्रीच्या पायथ्याशी ९१ बोगदे खोदले गेले, त्यांतला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. एवढे काम करून जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाडी धावली. सुमारे आठ वर्षे लागली. याउलट मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते (रायगड जिल्ह्यातले) इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याचे रडगाणे अजून संपलेले नाही. ज्या भूमीवर एक काम आठ वर्षांत झाले, तिथे त्याहून सोपे काम पंधरा वर्षांतही का पुरे होत नाही, हे कोणीतरी जनतेला तारखांसह सांगायला हवे.

ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि रात्रीच्या अंधारात दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल ढासळला. दरवर्षी गणपतीच्या तोंडावर मंत्री पाहणी करतात, खड्डे बुजवण्याची मुदत देतात, आणि विसर्जनानंतर त्या मुदतीची आठवण कोणालाच राहत नाही. पथकरमाफीचे मी स्वागत करतो, पण रस्ता अपुरा असताना दिलेल्या माफीने प्रवासी सुरक्षित होत नाही.

श्रीमंतांसाठी पर्याय झाले आहेत, आणि त्यांनाही माझा विरोध नाही. जून २०२३ पासून मडगावला वंदे भारत जाते. २०२५ मध्ये कोकण रेल्वेने मोटारी गाडीवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली, तिचे भाडे तेव्हा मोटारीमागे ७,८७५ रुपये होते. ज्याचे हातावर पोट आहे, त्याला या दोन्हींचा उपयोग नाही. त्याला हवे आहेत अनारक्षित डबे. त्याला हव्यात लहान स्थानकांवर थांबणाऱ्या गाड्या. कारण आमच्याकडे स्थानक आणि गाव यांत दहा-पंधरा किलोमीटरचे अंतर असते, आणि रात्री दोनला उतरलेल्या माणसाला रिक्षा मागेल ते भाडे द्यावे लागते. गाडीच्या वेळेला जोडून एसटीची एक फेरी ठेवली तर त्याचा निम्मा त्रास वाचेल. त्यासाठी कोणता महोत्सव जाहीर करावा लागत नाही, दोन कार्यालयांनी एकमेकांशी बोलावे लागते.

छठपूजेला बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांतली गर्दी पाहतो तेव्हा मला ती माणसे परकी वाटत नाहीत. तीही आमच्यासारखीच, कमावायला आलेली आणि सणाला घरी पोचू पाहणारी. दुसऱ्याच्या गाड्या काढून आम्हाला द्या, असे मी कधीही म्हणणार नाही. दोघांनाही माणसासारखे बसून जाता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

आणि शेवटी ज्या कारणासाठी हे सगळे लिहायला घेतले ते. गणपती कधी येणार हे आधीपासून माहीत असते, आजारपण आणि मरण माहीत नसते. फेब्रुवारीतल्या एखाद्या रात्री गावाहून फोन येतो, की आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेले आहे, लगेच निघा. त्या रात्री विशेष गाडी नसते, जादा एसटी नसते, पथकरमाफीही नसते. खासगी गाड्यांनी एसटीच्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये असा शासनाचा नियम आहे, पण तो दाखवून त्या वेळी भांडायला कोणाला बळ असते? आमच्या वाडीत कितीतरी लेकांना आई-बापाचे अखेरचे दर्शन घडलेले नाही, आणि माणसे हे नशिबावर टाकून मोकळी होतात. मला हे नशीब वाटत नाही. तो आमच्या वेळापत्रकातला आणि आमच्या रस्त्यातला दोष आहे, आणि तो दुरुस्त होण्याजोगा आहे.

यंदा गणपतीत दारी येणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीला वाडीने एकत्र बसून तीनच गोष्टी विचाराव्यात, अशी माझी विनंती आहे: वीरच्या पुढचे दुहेरीकरण कोणत्या वर्षी सुरू होणार, रत्नागिरी पॅसेंजर दादरला परत कधी येणार, आणि कंत्राटी कामगाराच्या सणाच्या रजेसाठी ते विधानसभेत केव्हा बोलणार. उत्तरे लिहून घ्यावीत, तारखेसकट, आणि पुढच्या वर्षी तोच कागद पुन्हा त्यांच्यापुढे ठेवावा.